इंदी अजून विहिरीतच आहे

आबाकाकांनी बापूसाहेब घोरवड्यांचा डबा उलटा केला, बुडावर दोनदा थाप मारली, आत डोकावून पाहिलं आणि घसा खाकरून जाहीर केलं, “चार.”

चार चिंचोके. कुणाच्या तरी खिशातून चुकून सांडावेत तसे ते टेबलावर पडले होते. शेजारच्या दि. गो. अवसऱ्यांच्या डब्यातले चिंचोके मात्र टेबलावरून घरंगळून फरशीवर गेले होते, आणि मी नि माझी मैत्रीण नसीम मुलाणी गुडघ्यांवर रांगत ते गोळा करत होतो.

“पोरांना मत कशाशी खातात ते कळत नाही,” बापूसाहेब म्हणाले. “पुन्हा घ्या.”

“पुन्हाच घेतलंय, बापूसाहेब,” आबाकाका खाली बघत म्हणाले. “पहिल्या वेळी तीन होते.”

माळशिंगीच्या नगर वाचन मंदिराचं ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. बापूसाहेब अध्यक्ष. माणूस हळदीचा अडत्या, पण साहित्याचा ओढा असा की ओढ्याला पूर आला तरी थांबायचं नाव नाही. आबाकाका म्हणजे माझे सख्खे काका, सचिव. सचिव म्हणजे सतरंज्या झटकणारा, पाहुण्यांना स्टँडवरून आणणारा आणि अध्यक्षांची बोलणी खाणारा माणूस. मी आठवीत होते.

महोत्सवानिमित्त ‘मुलांच्या आवडत्या लेखकाचा’ सत्कार करायचा, मुलांनीच तो निवडायचा आणि ज्याच्या नावाच्या डब्यात चिंचोके जास्त तो जिंकला, ही कल्पना खुद्द बापूसाहेबांची. नावं समितीनं सुचवली. त्यात बापूसाहेबांचं नाव बापूसाहेबांनी सुचवलं आणि बापूसाहेबांनीच त्याला अनुमोदन दिलं. कारण ते बालसाहित्यिक होते. ‘नीतिकळ्या’ नावाचा त्यांचा एक कवितासंग्रह होता, स्वखर्चानं छापलेला. तालुक्यात कुठलाही बक्षीस समारंभ असो, बक्षीस नीतिकळ्या. लिंबू-चमच्यात पहिला आला, घ्या नीतिकळ्या. कबड्डीत गुडघा फोडून घेतला, घ्या नीतिकळ्या. आमच्या घरी पाच प्रती होत्या, पैकी एक दिवाणाच्या आखूड पायाखाली होती आणि तिचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

‘लवकर उठावे, दात घासावे,
वडिलांपुढे न कधी हसावे.’

अशा त्या कळ्या. ज्याचं पुस्तक घरोघर आहे तो मुलांचा लाडका, असा बापूसाहेबांचा साधा व्यापारी हिशोब. दिवाण मत देत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अवसऱ्यांची पुस्तकं फक्त तीन होती आणि वाचनालयात प्रत्येकाची एकेकच प्रत. पानं भजी बांधलेल्या कागदासारखी मऊ झालेली. ‘खापरदरीची टोळी’ अशी ती मालिका. टोळी म्हणजे अकरा वर्षांची इंदी, तिचा चुलतभाऊ सदा आणि राणीसाहेब नावाची एक गाढवीण. इंदी कुणाला घाबरत नसे, दात घासल्याचा कुठं उल्लेख नसे आणि वडिलांपुढे ती खुशाल हसत असे. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती चोरांचा माग काढत एका पडक्या विहिरीत उतरते. दोर तुटतो. पाणी वाढत वाढत गळ्याशी येतं. आणि शेवटच्या पानावर तळाला छापलेलं होतं: ‘पुढचा भाग लवकरच.’

ते मी पाचवीत वाचलं. ‘लवकरच’ हा शब्द तेव्हापासून मी सरकारी शब्दांत धरते.

पाचवीत मी दहा वर्षांची होते आणि इंदी माझ्याहून मोठी. मग मी अकराची झाले, तिच्या बरोबरीची. मग बाराची झाले, तेराची झाले. माझी उंची वाढली, माझे फ्रॉक धाकटीला गेले, आणि इंदी आपली तिथंच, गळ्याएवढ्या पाण्यात. हसू नका, मला खरंच जिवाला लागलं होतं ते. आमच्या परड्यातल्या आडात घागर सोडताना मी हळू सोडायची. खाली कुणी असलं तर लागायला नको.

नसीमला तर वेगळीच काळजी. “हेमे, राणीसाहेब कुठंय गं? चरायला गेली ती आलीच नाही परत. लेखकाला आठवण तरी आहे का तिची?”

तर असे हे अवसरे जिंकले आणि बापूसाहेबांना त्यांचा सत्कार करणं भाग पडलं. आपल्याच हातानं लावलेला सापळा, त्यात आपलाच पाय.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारच्या गाडीनं अवसरे उतरले. आम्हाला वाटलं होतं, मिशीवाला, दणकट, खांद्यावर दोर टाकलेला कुणीतरी असेल. उतरले ते एक काटकुळे गृहस्थ, बगलेत छत्री, हातात कापडी पिशवी. थंडीच्या दिवसांत छत्री कशाला ते देव जाणे. आबाकाकांनी त्यांना वाचनालयात आणून बसवलं, चहा दिला, आणि मी ती संधी साधली. बशीत चहा ओतून ते फुंकर घालत होते.

“सर, इंदीचं काय झालं?”

त्यांची फुंकर थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण जरा चोरट्यासारखं.

“तेच सांगायला आलोय, बाळ,” ते म्हणाले. “आज सगळ्यांनाच सांगणार आहे.”

मी जी सुटले ती थेट नसीमजवळ. “सांगणारेत! आज सांगणारेत!” पाच मिनिटांत ही बातमी सतरंजीवर बसलेल्या शेवटच्या पोरापर्यंत गेली. एरवी शाळेतल्या बाईंना जी शांतता छडी आपटून मिळत नसे, ती आपोआप पसरली.

आता आमच्याकडच्या कार्यक्रमाची एक रीत असते. अध्यक्ष शेवटी बोलतो. बापूसाहेब अध्यक्ष होते. पण स्वागताध्यक्ष सुरुवातीला बोलतो, आणि स्वागताध्यक्षही बापूसाहेबच होते. पाहुण्यांची ओळख करून द्यायला एक जण लागतो. तेही बापूसाहेब. देवाच्या दारात पुढं, मागं आणि मध्येही एकच माणूस उभा, तर बाकीच्यांनी दर्शन घ्यायचं कुठून?

आधी समई पेटेना. वात ओली होती. मग ती पेटली आणि बापूसाहेब पेटले. त्यांनी वाचनालयाचा इतिहास पायाच्या दगडापासून सांगितला. पाया खणताना पाणी लागलं होतं, त्या पाण्याची चव सांगितली. मग पाहुण्यांची ओळख. ती अशी: “श्री. अवसरे हे मुलांसाठी लिहितात. मुलांसाठी लिहिणं सोपं नव्हे. मी स्वतः लिहिलं आहे, म्हणून जाणतो.” यापुढे पाहुणे जे हरवले ते हरवलेच. नीतिकळ्यांची निर्मिती कशी झाली, पहिली कळी कुठल्या बैलगाडीत सुचली, हे सगळं झालं. मग कळ्या. एकेक करून. पुढं बसलेली लहान पोरं आधी चुळबुळली, मग एकमेकांच्या खांद्यावर झोपली. अवसरे हातातल्या गुच्छातली एक पाकळी उलटी-सुलटी करत होते.

मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा एक, तो झटपट. मग देणगीदारांचे, माजी अध्यक्षांचे, माजी अध्यक्षांच्या जावयांचे. मंडपवाल्याचा सत्कार झाला, तेव्हा तो बिचारा खांब धरून उभा होता, त्याला खांब सोडवेना. शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल, श्रीफळ, टाळ्या. मला वाटतं त्या दिवशी माळशिंगीत सत्काराशिवाय राहिलेला एकच प्राणी असेल, तो म्हणजे दारातला कुत्रा.

उन्हं मंडपाच्या कडेला आली तसे आबाकाका अध्यक्षांच्या कानाशी लागले. “पाहुण्यांची शेवटची गाडी आहे, बापूसाहेब. साडेपाचची.”

“हो ना!” बापूसाहेबांना केवढं आश्चर्य वाटलं. “वेळ कसा जातो! तर आता पाहुणे दोन शब्द बोलतील.”

अवसरे उठले. झोपलेली पोरं शेजाऱ्यांनी ढोसून उठवली. नसीमनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

“मुलांनो,” अवसरे म्हणाले. समोरच्या तोंडांकडं बघत राहिले. “तुम्हाला एक गोष्ट सांगायला मुद्दाम आलो होतो. पण ती अशी घाईघाईत, उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. माफ करा.”

आणि बसले.

तीन वर्षं वाट बघितलेली पोरं समोर बसलेली, आणि वेळ गेला कुठं, तर माजी अध्यक्षांच्या जावयांत!

“आभार!” बापूसाहेब म्हणाले.

आभार माझ्याकडे होते. मुलांचा कार्यक्रम, म्हणून मुलांचा सहभाग हवा, असं त्यांचंच फर्मान होतं, आणि आभाराचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते सचिवाच्या पुतणीच्या गळ्यात. आबाकाकांनी मजकूर पाठ करून घेतला होता. मी माइकपाशी गेले. घशाला कोरड पडली होती, पण राग आला की माझी कोरड जाते.

आमच्याकडं कुणाचंही भाषण मध्येच थांबवतील, पण आभार मानणाऱ्याला कुणी अडवत नाही. कारण त्याच्या तोंडून आपलं नाव यायचं बाकी असतं.

“मंडपवाल्यांचे आभार,” मी म्हणाले. “स्पीकरवाल्यांचे आभार. चहावाल्यांचे आभार. समई शेवटी पेटली, तिचे आभार.” आबाकाकांनी मान वर केली, समई मजकुरात नव्हती. “माननीय बापूसाहेबांचे आभार, कारण त्यांनी आपला अमूल्य वेळ दिला. आपला संपल्यावर त्यांनी पाहुण्यांचाही दिला.”

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. बापूसाहेब आपलं नाव आलं म्हणून मान डोलावत होते, ती मान अर्ध्यावर थांबली.

“पाहुण्यांचे आभार कशाबद्दल मानायचे ते अजून ठरलेलं नाही,” मी म्हणाले. “कारण इंदी अजून विहिरीतच आहे. आम्ही पाचवीत होतो तेव्हापासून. तिला बाहेर काढल्याशिवाय पाहुण्यांना जाऊ द्यायचं का?”

“नाही!” सगळी सतरंजी ओरडली.

अवसरे अर्धवट उठले, त्यांनी तोंड उघडलं, आणि बापूसाहेबांनी माइकशिवाय गर्जना केली, “राष्ट्रगीत!”

बोला आता. राष्ट्रगीताला कोण अडवणार? सगळे ताठ उभे राहिले. अवसरेही, उघडलेलं तोंड मिटून. गाणं संपलं आणि बापूसाहेबांनी पाहुण्यांना दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर काढलं. “चला, चला, गाडी चुकेल.”

आबाकाका माझ्याकडं आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. ते सतरंजीची घडी घालायला वाकले आणि हळूच म्हणाले, “बोळातनं गेलीस तर स्टँड जवळ पडतं.”

मी, नसीम आणि मागून होती नव्हती ती सगळी पोरं बोळातून धावत सुटलो.

गाडी उभी होती. अवसरे पायरीपाशी पोचले होते, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, बगलेत तीच ती छत्री. बापूसाहेब त्यांना सोडून परतले होते. दाणा संपला की कोंबडी उकिरड्यावर थांबत नाही.

“सर! इंदी!” मी ओरडले.

ते वळले. आम्ही त्यांना वेढाच घातला. त्यांनी नारळ पिशवीत टाकला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे बघ बाळ,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “खरं सांगू का, ते पुस्तक...”

“कोण पडलंय हिरीत?” गाडीतून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. पोरांचा गलका त्याच्या कानावर गेला होता. “ए पोरी, कुठली हीर? कुणाची पोरगी? गडीमाणसं बोलावली का नाही?”

“इंदी पडलीय,” नसीम म्हणाली. “तीन वर्षं झाली.”

“तीन वर्सं?” कंडक्टर पायरीवरच बसला. “आणि आज ओरडताय?”

“पुस्तकातली हो, पुस्तकातली! यांनीच ढकललीय.”

“मी नाही ढकललं,” अवसरे कळवळून म्हणाले. “दोर तुटला.”

कंडक्टरनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “शाल घेऊन निघालाय व्हय? आणि पोरगी तशीच ठेवून? मग, निघाली का न्हाई ती?”

“तेच तर विचारतोय आम्ही!” मी म्हणाले.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कंडक्टर मागं न बघता ओरडला, “थांब रं जरा! हितं पोरगी बुडाया लागलीय!” खिडक्यांतून डोकी बाहेर आली. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या दोघी बायका उतरूनच आल्या.

अवसरे आमच्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांना हसू येतंय की रडू, ते मला कळेना. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली.

“पाणी गळ्याशी आलंय,” ते म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला. स्टेजवर जो माणूस बसला होता तो हा नव्हेच. “वर सदा रडतोय. दोराचा तुकडा त्याच्या हातात.”

“राणीसाहेब कुठंय?” नसीम.

“राणीसाहेब?” ते गडबडले.

“बघ, मी म्हटलं नव्हतं? विसरले! चरायला सोडलीय तुम्ही तिला, धरणाच्या अलीकडं!”

“विसरलो नाही गं,” ते शुद्ध खोटं बोलले. “ती येतेच आहे. तर इंदी हातानं भिंत चाचपतेय...”

“हिरीला पाय ठेवाया दगडं सोडलेली असत्यात की,” कंडक्टर म्हणाला.

“आहेत. पण पडकी विहीर, दगडांवर शेवाळ.”

“आगं बया, घसरंल की ती!” भाजीवाली म्हणाली.

“घसरते. एकदा घसरते, दोनदा घसरते. नाकात पाणी जातं. तिसऱ्यांदा तिच्या हाताला पिंपळाचं मूळ लागतं. असं.” त्यांनी शालीला पीळ घातला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. “धर घट्ट. ओढ.” मी ओढलं. ते दुसऱ्या टोकाला लोंबकळल्यासारखे झाले. “आता ती अर्ध्यावर आलीय. वरती उजेड दिसतोय. आणि तेवढ्यात, कर्रर्र...”

भाजीवालीनं पदर तोंडात धरला.

“मूळ सुटायला लागतं. आणि वरून आवाज येतो. कुणाचा?”

“राणीसाहेबांचा!” नसीम किंचाळली.

अवसऱ्यांनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. “पुढचं पुस्तकात,” ते म्हणाले.

जो काही आरडाओरडा झाला तो विचारू नका. एकानं त्यांची छत्री धरून ठेवली. “कधी? कधी येणार पुस्तक?” मी शाल सोडेना. “लवकरच म्हणायचं नाही!”

“नाही म्हणत,” ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते, थंडीनं असतील. “पुढच्या दिवाळीच्या आत. शब्द देतो. शाल राहू दे तुझ्याकडेच. इंदी तिलाच धरून आहे ना?”

“असं नसतंय, साहेब, अर्ध्यावर सोडाया,” कंडक्टर कुरकुरला. मग त्याचा चेहरा एकदम खुलला. “पर आमचं काय अडलंय? आमच्याजवळ बसायचं तुमी. कऱ्हाडपातूर लई येळ हाय.” आणि त्यानं आमच्या नाकावर टिच्चून घंटी ओढली.

पुस्तक दिवाळीच्या आत आलं. वाचनालयाच्या पत्त्यावर, टपालानं, आणि गठ्ठा आबाकाकांनी माझ्यापुढं सोडला. पहिली झडप माझी होती. मी सरळ शेवटाकडं जाणार होते, पण पहिल्या पानावर माळशिंगीचं नाव दिसलं म्हणून थांबले. अर्पणपत्रिका होती.

‘माळशिंगीचे श्री. बापूसाहेब घोरवडे यांच्या भाषणास. ही मालिका मी बंद केली आहे, पुढचं पुस्तक येणार नाही, हे मुलांना समक्ष सांगायला मी गेलो होतो. ते भाषण वेळेत संपलं असतं, तर तसं सांगून परतलो असतो.’

मी ते दोनदा वाचलं. तेच सांगायला आलोय, बाळ. बशीवरून माझ्याकडं बघणारे त्यांचे ते चोरटे डोळे मला आठवले. त्यांना नीट अर्धा तास मिळाला असता, तर त्यांनी आमच्या देखत इंदीला बुडवलं असतं. अगदी प्रेमानं, समजावून. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

“आता हे बापूसाहेबांना दाखवायचं कसं?” आबाकाका घाम पुसत म्हणाले. “सचिवपद गेलं माझं.”

पण लपवणार कसं? नाव छापलेलं. संध्याकाळी बापूसाहेब आले, चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं. आबाकाका खुर्चीची पाठ धरून उभे होते. बापूसाहेबांनी पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

“आबा,” ते म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं भाषण नीट ऐकलं. बंद पडलेला लेखक लिहिता झाला! हे पान मोठं करून घ्या. चौकट करा. दर्शनी भागात लावा.”

ती चौकट लागली. पुढं कितीतरी वर्षं, कुठलाही कार्यक्रम असो, बापूसाहेब तिच्याकडं बोट दाखवून सुरुवात करत आणि मग थांबत नसत. लेखक येत, शाल घेत, न बोलता जात. एकही पुन्हा लिहिता झाला असं ऐकिवात नाही. पण बापूसाहेबांनी प्रयत्न सोडला नाही.

आता ते नाहीत. आबाकाकाही नाहीत. मीही मुलांसाठी चार पुस्तकं लिहून बसलेय, आणि मलाही असे सत्कार सोसावे लागतात. अवसऱ्यांची ती शाल माझ्याकडे आहे, एका टोकाला थोडी ताणलेली. माळशिंगीला गेले की मी वाचनालयात जाते. चौकटीवर धूळ असते, ती मी पदरानं पुसते. माणूस असह्य होता, यात वाद नाही. पण इंदीला वर काढताना दोराला पहिला हात त्याचाच लागला, आणि तो काही मला विसरता येत नाही.